शेपटीच्या जोरावर

स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात काचेच्या कपाटात रंगीत मातीच्या छोट्या वड्या ठेवलेल्या असतात, पाहिल्यात का? प्रवासात नेतो त्या साबणाच्या वडीएवढी एकेक वडी. लाल, पिवळी, जांभळी, अगदी सोनेरीसुद्धा. पाकिटावर लिहिलेलं असतं ‘पॉलिमर क्ले’. शहरातल्या पुष्कळ मुलामुलींना हिची ओळख आहे. कुणी तिचे कानातले करतात, कुणी किल्लीला लावायचं मांजराचं पिल्लू करतात. आज आपण या क्लेचा एक प्राणी करणार आहोत. पण आपला प्राणी नुसता टेबलावर ठेवून बघायचा नाही. तो काटकीवर तोल सांभाळून बसला पाहिजे. फुंकर मारली तर डुलला पाहिजे आणि पुन्हा जागेवर आला पाहिजे. पडला तर आपलं काहीतरी चुकलं!

आधी या क्लेची थोडी ओळख करून घेऊ. नाव माती असलं तरी हिच्यात माती औषधालासुद्धा नाही बरं का! गच्चीवरून पाण्याचे पांढरे किंवा राखी पाइप खाली येतात ना, ते ज्या पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचे असतात, त्याच प्लॅस्टिकची बारीक भुकटी हिच्यात असते. ती भुकटी मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलासारखा एक पदार्थ आणि रंग मिसळलेले असतात. म्हणून ही क्ले उघडी ठेवली तरी शाडूसारखी वाळत नाही. पाण्याने ती मऊही होत नाही. ती घट्ट होते ती फक्त उष्णतेने. भट्टीत तापली की भुकटीचे कण त्या तेलकट पदार्थासकट एकमेकांत वितळून एकजीव होतात, आणि गार झाल्यावर झालेली वस्तू पक्की राहते.

ही गंमत पहिल्यांदा हाताला लागली एका बाहुल्या करणाऱ्या कुटुंबाच्या. जर्मनीत केथे क्रूझ नावाच्या बाई कापडी बाहुल्यांसाठी फार प्रसिद्ध होत्या. १९३९ च्या सुमारास त्यांच्याकडे बाहुल्यांसाठी म्हणून एक नवं प्लॅस्टिक आलं. बाहुल्यांना ते काही जमेना. पण त्यांची मुलगी सोफी, तिला घरी फिफी म्हणत, ती त्या प्लॅस्टिकशी खेळत बसली आणि तिने त्यातून हाताने घडवायची माती तयार केली. पुढे १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या पेन्सिली करणाऱ्या कंपनीने ती विकायला घेतली. आज दुकानात ‘फिमो’ नावाची वडी दिसली तर ओळखा, त्यातला ‘फि’ म्हणजे आपली फिफी.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. शाळेत आपण जी रंगीत चिकणमाती वापरतो, ती तेलकट, पुन्हा पुन्हा वापरायची, ती ही नव्हे. ती भट्टीत ठेवली तर वितळून ताटभर पसरेल. आणि हल्ली मिळणारी हलकी, फुगीर, हवेत वाळणारी क्ले हीसुद्धा वेगळी. पाकिटावरचं नाव नीट वाचून मगच घ्या.

आता प्राणी कोणता? मी निवडलंय शेकरू. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत ते नाव येतं आणि आपण परीक्षेपुरतं पाठ करून टाकतो. पण शेकरू डोळ्यांपुढे आणा असं म्हटलं तर काय येतं? माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रयोग केला. सगळ्यांना पाटीवर शेकरू काढायला सांगितलं. जवळजवळ प्रत्येक पाटीवर एकच चित्र! दोन पायांवर ताठ बसलेली खार, शेपूट पाठीमागून वर जाऊन डोक्यावर छत्रीसारखी वळलेली, आणि पुढच्या दोन हातांत टोपी घातलेलं एक फळ. ते फळ ओकच्या झाडाचं. आता आपल्या सह्याद्रीत ओक कुठून आला? ही खार गोष्टीच्या रंगीत पुस्तकांतून आणि कार्टूनमधून आलेली. ती तिकडच्या थंड देशांतली. तिथे ती तशीच बसते, त्यात तिचा काही दोष नाही.

वर्गात एक मुलगी होती, तिचं आजोळ भीमाशंकरच्या बाजूला. ती पाटी कोरी ठेवूनच बसली होती. विचारलं तर म्हणाली, “बाई, शेकरू असं नाय बसत.”

“मग कसं बसतं?”

तिला सांगता येईना. ती उठली, बाकाच्या कडेवर पोट टेकवून आडवी झाली, डोकं आणि दोन्ही हात एका बाजूला खाली सोडले, पाय दुसऱ्या बाजूला लोंबकळत ठेवले आणि म्हणाली, “असं. आणि हे पाय म्हणजे शेपूट समजा.” सगळा वर्ग हसला. पण तिचं अगदी बरोबर होतं हो! प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीही नेमकं हेच टिपून ठेवलं आहे. शेकरू खायला बसतं तेव्हा मागच्या दोन पायांनी फांदी पकडतं आणि अंग फांदीला आडवं ठेवतं. वरून पाहिलं तर फांदी आणि शेकरू यांची फुली झालेली दिसेल. फांदीच्या एका बाजूला डोकं, छाती आणि खाण्यात गुंतलेले हात. दुसऱ्या बाजूला खाली सोडलेली लांबलचक शेपूट. वाण्याच्या जुन्या तराजूची दोन पारडी आठवा. एका पारड्यात शेकरू, दुसऱ्यात त्याचीच शेपूट.

ही शेपूट केवढी असते ठाऊक आहे? डोक्यापासून बुडापर्यंत शेकरू साधारण हातभर लांब भरतं, आणि शेपूट त्याच्याहूनही लांब. वजन दीड ते दोन किलो. आपल्या अंगणातल्या पट्टेवाल्या खारीला काखेत घेऊन बसेल एवढं हे जनावर! इतकं वजन घेऊन ते झाडाच्या शेंड्यावरच्या बारीक फांद्यांवर फिरतं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सहा मीटरपर्यंत उडी मारतं. सहा मीटर म्हणजे दोन मोठ्या खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी. जमिनीवर ते सहसा उतरत नाही. म्हणून जंगलातून रुंद रस्ता गेला आणि दोन्हीकडच्या झाडांचे शेंडे एकमेकांपासून लांब गेले, की त्याची वाटच तुटते. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये झालं, तिथे शेकरू आहे. कोयनेच्या जंगलात आहे, रायगड जिल्ह्यात फणसाडला आहे, तिकडे दूर मेळघाटातही आहे. गेलात तर मान वर करून उंच झाडांच्या शेंड्याकडे बघा. पानांचा आणि काटक्यांचा मोठा गोल गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं असू शकतं. एकेक शेकरू अशी कितीतरी घरटी बांधून ठेवतं.

असो. तर वर्गात पुढे काय झालं ते सांगते. मुलं दोन गटांत वाटली गेली. शाळेच्या तेलकट मातीने एका गटाने पाटीवरचं छत्रीवालं शेकरू केलं. दुसऱ्या गटाने त्या मुलीने दाखवलेलं केलं, शेपटीत तार घालून. मग खडूच्या डब्यांवर आडवी काटकी ठेवून दोघांना बसवलं. छत्रीवाल्याने लगेच मान टाकली आणि धप्पकन खाली! त्याला पुन्हा पुन्हा बसवलं, कधी पुढे पडलं, कधी मागे. दुसरं मात्र डुललं, डुललं आणि थांबलं. त्या दिवसापासून वर्गात छत्रीवालं शेकरू कुणी काढलं नाही.

पण शाळेच्या मातीचं ते शेकरू दुसऱ्या दिवशी उन्हाने मऊ झालं आणि त्याची शेपूट तारेवरून घसरून पडली. त्यालाच आपण आता पॉलिमर क्लेमध्ये कायमचं करू.

साहित्य असं घ्या. लाल, तपकिरी, पांढरी आणि पिवळी क्ले. काळी अगदी थोडी. एक वडी साधारण ५६ ग्रॅमची असते, त्यामुळे लाल आणि तपकिरी एकेक वडी आणली तर पुरून उरेल. पोळ्या गुंडाळतात ती चांदीसारखी फॉइल. दीड मिलिमीटर जाडीची, चौदा-पंधरा सेंटिमीटर लांब तार. वायरमनकाकांकडून उरलेल्या वायरचा जाड तुकडा मागा आणि वरचं प्लॅस्टिक मोठ्यांकडून सोलून घ्या, आतली तांब्याची तार छान चालते. पेन्सिलीएवढी जाड, सरळ, अगदी वाळलेली काटकी. एक टाचणी किंवा सुई, जुना टूथब्रश, काचेची गुळगुळीत बाटली, अंगाला लावायची थोडी पावडर. आणि काम करायला एक फरशीचा तुकडा किंवा काच. सनमायकाच्या किंवा पॉलिशच्या टेबलावर कच्ची क्ले ठेवू नका. तिच्यातला तेलकट पदार्थ पॉलिशला चिकटतो आणि डाग पाडतो. काही प्लॅस्टिकच्या डब्यांचाही ती असाच चिकट गोळा करते.

पहिलं काम मळण्याचं. आईने कणीक नीट मळली नाही तर पोळी चिरते, तसंच इथे. क्लेचा तुकडा घ्या, हातात दाबा, लांब करा, दुमडा, पुन्हा दाबा. पाच-सात मिनिटं तरी. दुमडल्यावर घडीवर चीर पडली नाही की समजा मळून झाली. थंडीच्या दिवसांत ती दगडासारखी असते, तेव्हा पाकिटासकट थोडा वेळ खिशात ठेवा. मे महिन्यात उलटं. हाताला चिकटायला लागली की कागदात गुंडाळून दहा मिनिटं फ्रिजमध्ये.

आता रंग. बाजारात ‘शेकरू रंग’ मिळत नाही! पाठीचा रंग पिकल्या चिंचेकडे झुकणारा, लालसर तपकिरी. दोन भाग लाल, एक भाग तपकिरी आणि मोहरीएवढा काळा एकत्र मळा. काळा जपून बरं का, तो फार पसरतो. मोहरीएवढा म्हटलं की हरभऱ्याएवढा घ्यायची काहींना सवय असते. पोटाचा, पुढच्या पायांचा आणि शेपटीच्या टोकाचा रंग दुधाच्या सायीचा. गोटीएवढ्या तीन पांढऱ्या गोळ्यांत मसुरीएवढी पिवळी आणि चिमूटभर तपकिरी. हा फिकट रंग आधी मळून ठेवा, गडद नंतर. नाहीतर हाताचा लाल रंग सायीला लागतो आणि मग ती सायीऐवजी गुलाबी आइस्क्रीम दिसते. रंग बदलताना हात साबणाने धुवा आणि कोरडे करा.

तारेच्या एका टोकाला पाच सेंटिमीटरवर वळवून पिन असते तसा वेढा करा. हा वेढा पोटात जाणार. सरळ तार पोटात घातली तर शेपूट तिथल्या तिथे गोल फिरत राहील. वेढ्याभोवती फॉइल चुरगळून बांधा आणि घट्ट दाबून बोराच्या आकाराची, पण बोरापेक्षा थोडी लांबट गाठ करा. अंग पूर्ण क्लेचं का नाही करायचं? दोन कारणं. एक तर जाड गोळा आतपर्यंत नीट भाजला जात नाही. आणि दुसरं, आपल्याला अंग हलकं हवंय, शेपूट जड हवीय. ते विसरू नका, सगळी मेख तिथेच आहे.

लालसर क्ले बाटलीने लाटून तीन मिलिमीटर जाडीची पोळी करा आणि ती फॉइलच्या गाठीवर चढवा. सांधा बोटाने घासून मिटवा. आत हवा राहिली तर भाजताना फुगा येतो, म्हणून एका बाजूकडून दाबत दाबत हवा बाहेर काढा. पोटाच्या बाजूला सायीच्या रंगाची पातळ पट्टी लावा. अंग साधारण साडेचार सेंटिमीटर लांब झालं पाहिजे. मागचा भाग गोल, भारदस्त. पुढे खांद्याकडे थोडा निमुळता.

मागचे पाय म्हणजे दोन थेंब. पावसाचा थेंब चित्रात काढतो ना, तसे. थेंबाची जाड बाजू म्हणजे मांडी, ती अंगाला चिकटवून चपटी करा. बारीक बाजू खाली वळवून पाऊल. आता काटकीला पावडर लावा, म्हणजे क्ले तिला चिकटणार नाही, आणि दोन्ही पावलं काटकीवर हलकेच टेकवा. पावलांना काटकीच्या वरच्या अर्ध्या भागाची खोबण पडली पाहिजे. काटकीभोवती पूर्ण वेढा घालू नका. शेकरू काटकीला बांधलं तर ते पडणार नाही हे खरं, पण मग डुलणारही नाही. पावलं अंगाच्या मागच्या अर्ध्या भागात असू द्या, म्हणजे छाती आणि डोकं काटकीच्या पुढे जाईल.

डोकं सुपारीपेक्षा किंचित लहान. पुढे थोडं ओढून नाक करा. शेकरूचे कान लहान आणि गोल असतात, सशासारखे लांब करू नका. डोळे मोहरीएवढे काळे, आणि ते समोर नाहीत, बाजूला. फांदीवर बसणाऱ्या जनावराला दोन्हीकडून येणारा गरुड दिसला पाहिजे ना! दोन कानांच्या मध्ये सायीच्या रंगाचा एक ठिपका द्या. हा ठिपका शेकरूची खूण आहे, आणि बहुतेक चित्रांत तो राहूनच जातो. पुढचे दोन हात बारीक, सायीच्या रंगाचे. बोटं टाचणीने उमटवा. डोळ्यांच्या पापण्या, मिशा, ओठ यांच्या मागे फार लागू नका. चार हातांवरून पाहिल्यावर ‘हे शेकरू’ असं वाटायला हवं, आणि ते वाटतं त्याच्या बसण्यावरून. मिशांवरून नाही.

शेपूट! बाहेर राहिलेली तार आधी थोडी मागे आणि मग खाली वळवा. टोकाला छोटा वेढा करा, म्हणजे क्ले घसरणार नाही. क्लेची बोटाएवढी जाड गुंडाळी करून तारेवर चढवा. वरचा दोन तृतीयांश भाग लालसर, खालचं टोक सायीचं. भीमाशंकरच्या शेकरूच्या शेपटीचं टोक असंच फिकट असतं. आणखी दक्षिणेला केरळच्या बाजूला गेलं की शेकरूच्या अंगावर काळा रंग दिसतो, शेपूटही काळी होते. टूथब्रशने आणि सुईने केसांच्या रेघा ओढा, वरून खाली. पाठीवरही हलक्या हाताने ओढा.

आता खरी परीक्षा. मऊ क्ले धरताना दबते, म्हणून सगळं शेकरू पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. जरा टणक झालं की दोन सारख्या उंचीच्या पेल्यांवर काटकी आडवी ठेवा आणि शेकरूला तिच्यावर बसवून हात हळूच सोडा. खाली दुसरा हात तयार असू द्या!

पुढे कलंडलं? याचा अर्थ डोक्याकडचं पारडं जड आहे. शेपटीच्या टोकाला थोडी क्ले वाढवा, किंवा तार जराशी मागच्या बाजूला वाकवा. मागे कलंडलं तर शेपूट थोडी पोटाखाली घ्या. तोल जमला पण नुसतं हात लावताच गिरकी घेऊन उलटं होतंय? मग शेपूट आखूड झाली आहे, तिला आणखी खाली न्यायला हवं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक वस्तूचा एक गुरुत्वमध्य असतो, म्हणजे जणू सगळं वजन जिथे गोळा झालं आहे अशी जागा. तो टेकूच्या वर असेल तर वस्तू जराशा धक्क्याने कलंडते. टेकूच्या खाली असेल तर धक्का बसला तरी ती झुलून परत येते. आपल्या शेकरूचे पाय काटकीवर आहेत, पण शेपटीने सगळा गुरुत्वमध्य काटकीच्या खाली खेचून नेला आहे. जत्रेत चोचीवर उभा राहणारा प्लॅस्टिकचा पक्षी मिळतो, त्याच्या पंखांत हीच युक्ती असते. खऱ्या शेकरूला मात्र पायांची पकड असते. त्याला नुसत्या तोलावर बसावं लागत नाही, शेपूट त्याच्या पायांवरचं ओझं कमी करते. आपल्या शेकरूला पकड नाही म्हणून आपण शेपूट थोडी जास्तच जड केली, एवढं कबूल करू या.

हे सगळं जमायला मुलांना पाच मिनिटंही लागतात आणि अर्धा तासही. चिडू नका. चिमूटभर क्ले लावा, बसवा, बघा, काढा. वाण्याच्या दुकानातही शेवटी चार दाणे घालून-काढूनच काटा बरोबर येतो की नाही?

तोल साधला की भाजायचं. हे काम मोठ्या माणसाशिवाय करायचं नाही, म्हणजे नाहीच. ज्यात केक करतात ती विजेची भट्टी, म्हणजे ओव्हन लागतो. मायक्रोवेव्ह चालत नाही. पाकिटावर तापमान दिलेलं असतं, कंपनीप्रमाणे ते ११० ते १३० अंश सेल्सिअस असतं. जे लिहिलं आहे तेच ठेवा. लवकर व्हावं म्हणून वाढवलं तर क्ले काळी पडते. आणि खूपच जास्त तापून जळली तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू निघतो. तो घशाला आणि डोळ्यांना फार झोंबतो. तसा उग्र वास आला तर भट्टी बंद करायची, खिडक्या उघडायच्या आणि खोलीतून बाहेर जायचं. लहान भट्ट्यांचा काटा एक सांगतो आणि आत ऊब दुसरीच असते, म्हणून आत ठेवायचा स्वस्तातला तापमापक मिळाला तर उत्तम.

भट्टी आधी तापू द्या. स्टीलच्या दोन पेल्यांवर काटकी, काटकीवर शेकरू, शेपूट मध्ये मोकळी. असं ते ताटात ठेवून मधल्या कप्प्यात सरकवा. वर फॉइलचं सैलसं छप्पर करा, म्हणजे वरच्या तापलेल्या कांडीची झळ थेट पाठीवर येणार नाही. काटकी किंवा शेपूट कांडीला लागत नाही ना, ते नीट पाहून घ्या. साधारण अर्धा तास. पाकिटावर जाडीप्रमाणे वेळ दिलेली असेल तर ती पाळा. झाल्यावर लगेच हात लावू नका. गरम असताना ते रबरासारखं मऊच लागतं आणि मुलांना वाटतं की भाजलं नाही. भट्टी बंद करून आतच गार होऊ द्या, मग टणक होतं. ज्या ताटात आणि पेल्यांवर हे काम केलं, ती भांडी पुन्हा जेवणाला वापरायची नाहीत. एक जुनं ताट आणि दोन पेले या कामाला कायमचे देऊन टाका.

भाजल्यावर तोल थोडा बिघडला तरी घाबरू नका. या क्लेला पुन्हा भाजता येतं. शेपटीच्या टोकाला आणखी थोडी लावायची आणि पुन्हा अर्धा तास. फक्त तार आता वाकवायची नाही, कारण वाकवली की वरची क्ले तडकेल.

“आमच्याकडे ओव्हन नाही हो बाई,” असं किती जण म्हणत असतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. आमच्या शाळेतही नाही. शाडूचं करा की! पण शाडूची एक खोड आहे. वाळताना ती आकसते, आणि आतली तार काही आकसत नाही. म्हणून तारेवर शाडूची शेपूट केली की तिला हमखास तडे जातात. त्यावर उपाय आहे. अंग आणि डोकं शाडूचं करा, ओलं असतानाच मागच्या बाजूला तारेपेक्षा थोड्या जाड काडीने भोक पाडा. सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. मग तारेवर तपकिरी लोकर गुंडाळून शेपूट करा. तिच्या टोकाला लोखंडी नट बांधून वरून पांढरी लोकर गुंडाळा, आणि तार भोकात फेव्हिकॉलने बसवा. शाडूचं अंग भरीव म्हणजे जड असतं, त्यामुळे एका नटाने भागलं नाही तर दोन. लोकरीची शेपूट क्लेच्या शेपटीपेक्षा जास्त खरी दिसते, असं माझं मत आहे. आमच्या वर्गातल्या त्या आजोळवालीचंही तेच म्हणणं पडलं.

तर तुमचं शेकरू आता काटकीवर बसलं आहे. काटकीची दोन टोकं पुस्तकांच्या कपाटात दोन जाड पुस्तकांवर टेकवा, शेपूट मध्ये मोकळी सोडा. पंख्याच्या वाऱ्याने ते दिवसभर हळूहळू डुलत राहील. थोडी लालसर क्ले उरली असेल, तिचं वाटाण्याएवढं उंबर करून त्याच्या हातांत द्यायला हरकत नाही. शेकरूला उंबरं आवडतात. फक्त उंबर देताच ते पुढे कलंडेल. मग शेपटीच्या टोकाला किती क्ले वाढवावी लागेल? उंबराएवढीच, जास्त की कमी? आधी वहीत अंदाज लिहा आणि मगच लावून बघा.